माळावरचे चुन्याचे धोंडे

आप्पा,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. पावसाळ्याआधी जंगल खात्याचा गार्ड गावात आला. माळाचा उगवतीचा पट्टा तेवढा गावाचा, मधला आणि मावळतीचा सरकारी जंगल, तिथे जनावर दिसलं तर कोंडवाड्यात जाईल, असं सांगून गेला.
२. गावाने हरकत घेतली.
३. कचेरीतला नकाशा काढून पाहिला. त्यावरही तसंच आहे. तो तुमच्या हयातीत झालेल्या मोजणीवरून केलेला आहे. मोजणीच्या वहीत शेरा आहे: ‘हद्द गावाने दाखवल्याप्रमाणे.’
४. मंगळवारी सात रस्त्याजवळच्या कचेरीत सुनावणी आहे. साक्ष देणाऱ्यांत मी आहे.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी आता सोलापुरात मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवते. ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने रेघा मारायच्या, रेघ जाड झाली तर ब्लेडने खरवडून पुन्हा मारायची, हे माझं काम. राहते नवी पेठेत, मावशीकडे. नोकरीत कुणी माझ्या कामाला नाव ठेवलेलं नाही. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण नीटनेटकेपणा मी शाळेत शिकले नाही, माळावर शिकले.

सुनावणीत माळाची पद्धत सांगावी लागेल म्हणून परवा ती कागदावर उतरवली. अर्ध्या पानात बसली. माळाचे तीन पट्टे. दर वर्षी एक बंद, दोन चराईला खुले. आखितीला बंद पट्ट्याच्या कडेच्या धोंड्यांना चुना लावायचा, म्हणजे लहान पोरालाही कळावं की या ओळीच्या आत जनावर घालायचं नाही. दिवाळीनंतर एक सकाळ ठरवून तिथे विळा लावायचा. एका घराचा एकच विळा, मग ते घर पाटलाचं असो की रामोशाचं. पुढच्या वर्षी चुना दुसऱ्या ओळीला. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या गावांनी जनावरं छावणीत नेली, तेव्हा आपल्याकडे बंद पट्ट्यातून आदल्या साली कापलेल्या गवताच्या गंजी उभ्या होत्या. तुम्ही नव्हता, पण पद्धत होती. कॉलेजात जे काही शिकले त्यात इतकी सोपी आणि इतकी पक्की व्यवस्था मला दुसरी आढळली नाही.

माळाची राखण तुमच्याकडे होती, तेव्हा पद्धत पक्की कशी राहिली तेही मला माहीत आहे. मी आठ वर्षांची असताना आजारी रेडकासाठी बंद पट्ट्यातलं गवत कापून आणलं होतं. तुम्ही ते गवत माझ्याच डोक्यावर देऊन मला पारावर नेलंत. सगळे बसलेले. तुम्ही म्हणता, “ह्या घरचा विळा यंदा बंद.” पाटील हसतात. “आप्पा, लेकरू हाय की. मूठभर गवत ते.”

“मूठभर म्हंजी किती? तुमची मूठ केवढी, तिची केवढी? समद्यांच्या मुठी मोजीत बसू का मी?”

घरी आई बोलली. “आता म्हशीला काय तुमचा न्याय घालू का दावणीला?” तुम्ही खाली मान घालून जेवलात. त्या वर्षी आपली म्हैस कडब्यावर निघाली. पण पुढच्या आखितीला घायपाताचा कुंचा ठेचून, बांधून तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “यंदा चुना तू लाव.” मला कुणी दिलेली ती पहिली जबाबदारी. उगवतीच्या पट्ट्याचे सगळे धोंडे मी रंगवले. एकही सोडला नाही.

गेल्या रविवारी जेऊरला उतरून गावी गेले. टेप घेतला होता. मेंढरं राखणारी आपली धनगराची आत्या सोबत आली. मी मधल्या ओळीतला एकेक धोंडा उलटा करून पाहत होते.

“काय हुडकतीस गं? इंचू चावंल.”

“चुना.”

“तुजा बाप लई खडूस माणूस,” आत्या म्हणाली. “माजं एक कोकरू आत गेलं तर मला तीन दिस बांध घालाया लावला. आन् सोता माज्यासंगं धोंडं उचलीत व्हता, इचार तर.”

चुना सापडला. धोंड्यांच्या खालच्या अंगाला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे थरावर थर. मावळतीच्या ओळीलाही तसाच. म्हणजे तिन्ही ओळी पाळीपाळीने रंगवल्या जात होत्या आणि मोजणीदाराने एका सालची खूण कायमची हद्द म्हणून घेतली. पण सुनावणीत साहेब विचारणार की मग ‘गावाने दाखवल्याप्रमाणे’ हा शेरा कसा आला, दाखवणारा कोण? गावात कुणालाच माहीत नाही. जो तो म्हणतो, मी नव्हतो. खरंच नव्हते.

मी होते. तुम्ही त्या दिवशी जेऊरच्या बाजाराला गेला होता. मोजणीदार साखळी टाकत माळावर आले आणि मला विचारलं, “पोरी, धोंडे कुणाचे हे?”

“आमचे. म्याच रंगवल्यात.”

“गावाची हद्द म्हणायची का ही?”

मी “व्हय” म्हणाले. खूप ऐटीत म्हणाले. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

हे मंगळवारी सांगायचं ठरवलं आहे. आमच्या कचेरीतले वरिष्ठ म्हणाले, “खात्याच्या नकाशाविरुद्ध खात्यातल्याच बाईने बोलायचं? बदलीची तयारी ठेवा.” ठेवली आहे. नऊ वर्षांच्या मुलीने हद्द दाखवली हे तिच्याच तोंडून नोंदवलं गेलं तर शेरा टिकत नाही, आणि शेरा पडला तर दोन पट्टे परत मागता येतात.

एक गोष्ट मात्र साक्षीत येणार नाही. जाताना मोजणीदारांनी मला निळ्या पेन्सिलीचा तुकडा दिला. सरकारी माणसाचा चहासुद्धा तुम्ही घेत नव्हता, म्हणून मी तो परकराच्या नेफ्यात लपवला. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, “माळावर कोन आलं व्हतं का गं?” मी म्हणाले, “कुनी न्हाय.” खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली त्यांना गाठून वही दुरुस्त करून घेतली असती. त्या पेन्सिलीने मी पहिला नकाशा काढला, आपल्या माळाचाच. तिन्ही पट्टे दाखवून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कळतं मला. तरी विचारते. मूठभर गवताला एक वर्ष होतं. याला माझा विळा किती वर्षं बंद, ते सोमवारपर्यंत कळवा.