बारानंतरची बाजू

भाऊ,

एक बाजू ठरवायची आहे आणि आठ दिवस झाले, माझ्याकडून ती ठरत नाही. तुम्ही असता तर दोन बोटांनी कपाळ चोळून लगेच सांगितलं असतं. काका तुम्हाला भाऊ म्हणत, म्हणून मीही बापाला भाऊच म्हणत आले, आणि गाडीतले पॅसेंजरही कंडक्टर म्हणून तुम्हाला भाऊच म्हणत. लहानपणी मला त्या सगळ्यांचा थोडा राग यायचा. समोर असता तर मी 'तुमाले' म्हटलं असतं, पण तहसील ऑफिसात इतकी वर्षं टिपण्या लिहिल्या की हातात पेन आलं की शाळेतलीच भाषा उतरते. चालवून घ्या.

तुमचा नातू, तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांचा होता, आता पुण्यात नोकरीला आहे. मागच्या वर्षी मी रिटायर झाले, त्याबद्दल तो मला आणि यांना समुद्रातल्या मोठ्या जहाजावर पाठवतो आहे. मुंबईहून दुपार कलल्यावर निघायचं, गोव्याकडे जायचं आणि परत यायचं. जहाज म्हणजे पाण्यावरचं दहा-बारा मजल्यांचं लॉज समजा. प्रत्येक खोलीला गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या. सगळं त्यानंच पाहिलं. मला फक्त एक विचारलं, "आई, खोली डावीकडची घेऊ का उजवीकडची?" मी म्हटलं, तूच ठरव. तो म्हणाला, "नाही, या वेळी तू सांग. तुला काय पाहिजे ते सांग." शनिवारपर्यंत सांगितलं नाही तर उरेल ती खोली मिळेल म्हणतो. मी विचारलं, ऊन कोणत्या बाजूनं येतं? तो फोनवर हसायलाच लागला. "आई, तिथं लोक उन्हासाठीच भांडतात. उजवीकडून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, म्हणून सगळे उजवी मागून राह्यले." हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "ऊन पाहाले समुद्रात जाचं? आपल्या चंद्रपुरात फुकट भेटते."

तुमचा नियम मला अजून पाठ आहे. जाताना डावी, येतानाबी डावी. नवीन माणसाला तो पटायचा नाही. जाताना डावी असेल तर येताना उजवी पाहिजे, असं त्याचं म्हणणं असे. मग तुम्ही समजावून सांगायचे, की सकाळची गडचिरोली-नागपूर गाडी वरच्या अंगाला, उत्तरेकडे चालते तेव्हा सूर्य उजवीकडे असतो, आणि संध्याकाळी गाडी परत फिरते तोवर सूर्यही फिरलेला असतो, म्हणून तो पुन्हा उजवीकडेच येतो. सावली दोन्ही वेळा डावीकडे. आणि शेवटी बोट वर करून सांगायचे, "पण बारानंतर नागपूरले चालले असान तं मंग उजवी. बारानंतर सारं उलटं." लेकुरवाळ्या बाया आणि म्हातारी माणसं तुम्ही आरमोरीपर्यंत सावलीत हलवून ठेवायचे. एक पागोटंवाला म्हातारा मात्र उजव्या खिडकीतून हलेना. "तिकीट काहाडलं म्या, मी का म्हून उठू?" तुम्ही म्हणालात, "तिकीट नागपूरचं काहाडलं ना बुवा तुमी? भाजून घ्याचं तं नाई काहाडलं?" सगळी गाडी हसली. भिवापूरच्या पुढे म्हातारा आपणच उठला आणि कुणाकडे न बघता डावीकडे येऊन बसला.

मला मात्र तुम्ही हसून सोडलं नव्हतं. मी दहा वर्षांची असेन. उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही मला तुमच्या ड्यूटीवर सोबत घेतलं होतं, नागपूरला आत्याकडे सोडायला. नागभीड सोडल्यावर ती छोटी रेल्वे रस्त्याच्या उजव्या हाताने चालली होती, आणि तिच्यातली मुलं आमच्या गाडीला हात करत होती. मी हळूच उजवीकडच्या खिडकीला जाऊन बसले. तुम्ही मागे तिकिटं फाडत होता. थोड्याच वेळात माझ्या नाकाचा घोळणा फुटला आणि फ्रॉकवर रक्त आलं. तुम्ही गाडी थांबवली, ड्रायव्हरच्या छागलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललात, "झाडीतली पोरगी असून उन्हाची बाजू समजत नाई तुले? ऊन का पाहुणा हाय, जवळ जाऊन बसाले?" मी रडले ते रक्ताला पाहून नाही, लोक ऐकत होते म्हणून. नागपूरला उतरल्यावर तुम्ही एका दुकानात नेऊन मला फुलांची छत्री घेऊन दिली.

परवा मी जेवणाच्या टेबलावर साबणदाणी ठेवून पाहिली. साबणदाणी म्हणजे जहाज, मिठाची बरणी म्हणजे मुंबई. हे आले आणि म्हणाले, "का करून राह्यली?" मी म्हटलं, जहाज. "साबणदाणीत?" म्हणाले आणि चहाचा कप घेऊन निघून गेले. पण हिशेब बरोबर जमला. जाताना जहाज खाली, दक्षिणेला जाणार आणि ती वेळ संध्याकाळची, म्हणजे सूर्य उजवीकडे. परत येताना सकाळी वर, मुंबईकडे, म्हणजे सूर्य पुन्हा उजवीकडेच. सावली दोन्ही वेळा डावीकडे. भाऊ, तुमचा नियम समुद्रातही तसाच्या तसा लागू पडतो. मला एकटीलाच हसू आलं.

डावी घ्यावी यासाठी दुसरंही कारण आहे. यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीत झालं आहे. उतरतं ऊन तोंडावर आलं की डोळ्यांना धारा लागतात. खोली एकच, गॅलरी एकच. तेव्हा डावी सांगून मोकळं व्हायचं, यात विचार करण्यासारखं काही नाही. तरी मी आठ दिवस गप्प आहे, कारण मला उजवी पाहिजे. सूर्य पाण्यात जाताना पाहायचा आहे. आपल्याकडे तो झाडांच्या मागे जातो, नेमका कधी गेला ते कळत नाही, दिवा लावायची वेळ झाली की गेला म्हणायचं. मला तो शेवटपर्यंत पाहायचा आहे. एवढीच गोष्ट आहे आणि ती तोंडातून निघत नाही, कारण स्वतःला पाहिजे ती बाजू घेऊन जवळच्या माणसाला उन्हात बसवायचं, हे मी एकदा केलेलं आहे.

तुम्ही तीन महिने गडचिरोलीला माझ्या घरी होता. पोटातली गाठ गडचिरोलीच्या डॉक्टरांच्या हातातली नाही, नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगितलं होतं. मे महिना होता. यांची नोकरी फॉरेस्टात, मुलचेऱ्याला, आठवड्यातून एकदा येत. घरात तुम्ही, चार वर्षांचं पोर आणि माझं ऑफिस. तुमचं अंथरूण बदलायचं, पेज करायची, पोराला शेजारच्या बाईकडे सोडायचं, ऑफिसात जायचं, दुपारी धावत येऊन तुम्हाला पाहायचं आणि परत जायचं. हे गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही. तुम्ही कधी काही मागितलं नाही, पाणीसुद्धा दोनदा विचारल्यावर घेत होता. पण मी थकले होते. पायांत, डोळ्यांत, सगळीकडे थकले होते.

जायच्या दिवशी सकाळची गाडी चुकली. रजेच्या अर्जावर सही व्हायची होती आणि साहेब अकरा वाजता आले. दुपारची गाडी मिळाली. स्टँडवर फुफाटा. गाडी अर्धी रिकामी आहे. कंडक्टर तुमच्या हाताखाली तयार झालेला, तुम्हाला पाहताच खाली उडी मारून आला. "काय भाऊ, आज पॅसेंजर? कुठीबी बसा, गाडी तुमचीच हाय." तुम्ही हसलात. आम्ही दोघांनी तुम्हाला धरून वर चढवलं. डावीकडचं बाक रिकामं आहे, उजवीकडचंही रिकामं आहे. मी तुम्हाला डावीकडे बसवलं, पाठीशी गोधडी दिली आणि म्हटलं, "पूर्ण बाक घ्या, आडवं होता येईल." आणि मी उजवीकडे बसले. तुम्ही एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणालात.

आरमोरीच्या आधीच मला झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी उमरेडच्या स्टँडवर उभी होती आणि बाहेर उसाचा रसवाला घंटी वाजवत होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही आडवे झाला नव्हता. ताठ बसला होता. खिडकीच्या दांडीला दुपट्टा बांधला होता, तो वाऱ्यानं सुटून लोंबत होता, आणि ऊन तुमच्या गळ्यापर्यंत, कानापर्यंत आलेलं होतं. एक गाल काळा-तांबडा झाला होता. तुम्ही म्हणालात, "झोप झाली का?" मी घाईघाईनं उठून तुम्हाला माझ्या जागी आणलं. तुमचा दंड हाताला तव्यासारखा लागला. तुम्ही म्हणालात, "आता का म्हून? आलं ना नागपूर."

त्यानंतर नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. उन्हानं नाही, गाठीनंच. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ते मानते. पण तुम्हाला घरी आणून सगळं आटोपल्यावर तो कंडक्टर भेटायला आला. अंगणात खुर्चीवर बसला, टोपी हातात धरून. म्हणाला, "ताई, मी दोनदा म्हटलं भाऊले, उठा, तिकडं सावलीत बसवून देतो तुमाले. भाऊ म्हणे, राहू दे, तिची झोप मोडन." काकू जवळच होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पोरीनं बापाचाच नियम पाळला. डावी म्हून डावीकडं बसवलं. बारा वाजून गेले हे बिचारीच्या ध्यानात नाई आलं." सगळ्या बायांनी माना हलवल्या. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी खाली पाहत राहिले. तेव्हापासून आपल्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात. तुमच्या नातवालाही अशीच माहीत आहे. तो ती प्रेमानं सांगतो, आईचा आजोबांच्या नियमावर किती विश्वास होता, म्हणून.

आज सकाळी चहा देताना मी यांना म्हटलं, "मले उजवी पाह्यजे." हे पेपर वाचत होते. "कायची उजवी?" "जहाजातली. उन्हाची." यांनी चष्मा वर केला. "मंग सांग ना पोराले. आठ दिवसांपासून काऊन तोंडात घास धरून बसली?" मी म्हटलं, तुमचे डोळे. तर म्हणाले, "माहे डोळे माह्याजवळ हायेत. काळा चष्मा लावीन, नाईतं आत जाऊन झोपीन. तू पाह्य अन् मले येऊन सांग, बुडाला का नाई तो." आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. मी फोन केला. मुलानं लगेच उजवीकडची खोली पक्की केली. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम होतं.

फोन ठेवला आणि मी हा कागद घेतला. पाच मिनिटांचं काम तेव्हाही झालं असतं. गाडीच्या दारात मी म्हणू शकत होते, भाऊ, मी फार थकले, मले सावलीत बसू द्या. तुम्ही स्वतः मला तिकडे बसवलं असतं, वर रागावला असता की हे विचाराले काऊन पाह्यजे. मी विचारलं नाही. गाडीत चढण्याआधी मी स्टँडवरचं घड्याळ पाहिलं होतं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन्ही बाकं रिकामी दिसली तेव्हा ऊन कोणत्या बाकावर येणार हे मला माहीत होतं, आणि मी माझी पिशवी उजवीकडे ठेवली. नियम मी विसरले नव्हते. मी कंडक्टरची मुलगी होते, मी कशी विसरेन? आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलं तेव्हा तुम्हालाही ते कळलं होतं, असं मला वाटतं. घरच्यांची गोष्ट मी आता मोडणार नाही. ती ऐकून त्यांना बरं वाटतं. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, यांनाही नाही.

आणखी एक राहिलं आहे. ती झोप, भाऊ, फार चांगली लागली होती.