डॅशबोर्डमधला गुलाल

रविवार, संध्याकाळ

दादाची गाडी न्यायला उद्या जयसिंगपूरचं गिऱ्हाईक येणार. डॅशबोर्डमधून खडखड यायची, म्हणून दारातच पॅनल काढलं. आत एक सुटा स्क्रू निघाला, आणि गुलाल. जोतिबाहून आला की दादा गाडीवर मूठभर उधळायचा, तो एसीच्या जाळीतून आत गेलेला. किती घासला, निघेना.

पॅनल बसवून गाडीत बसलेल्या वहिनींना म्हटलं, "वहिनी, एसीचा फॅन लावा जरा." गुलाल भसकन त्यांच्या कपाळावर. दादा गेल्यापासून तिथं कुंकू नाही.

आई पदर घेऊन पुसायला धावली.

"ऱ्हाऊ द्या की, आई," वहिनी हळू म्हणाल्या.

आईनं पुसलाच. मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून नुसता बघत होतो. गाडीतला घासूनही निघेना. कपाळावरचा लगेच निघाला.