बिजलीच्या वर्गाचं खालचं दार

तीर्थरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालते. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोघं लागतील, आणि घरात तुमचे भाऊ एकटेच, तेही कंबर धरून.) तुमचं हाड सांधलं, पण काठीशी अजून पटत नाही, हे तुमच्या सुनेकडून कळलं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला तुम्ही येणार नाही, हेही तिच्याकडूनच कळलं. ज्या पोरांना जन्मभर ताठ उभं केलं, त्यांच्यासमोर वाकून जायचं नाही, असं म्हणालात म्हणे. बरं. मी आग्रह करणार नाही. माझं काम वेगळंच आहे.

नव्या कमांडंटसाहेबांनी शाळेचा इतिहास लिहायला मला बसवलंय. मी निवृत्त, म्हणजे रिकामी. आणि कॉन्व्हेंटमधली, म्हणजे अक्षर चांगलं, असा त्यांचा हिशोब. शाळा पलटणीच्या रिकाम्या तबेल्यात सुरू झाली, असं मी पहिल्याच ओळीत लिहिलं. साहेबांनी ‘तबेला’ खोडून ‘जुनी वास्तू’ केलं. आता जुन्या वास्तूला अर्धी अर्धी दारं असतात का हो? वरचं उघडं, खालचं बंद, आणि चौकटीवर घोड्याच्या नावाची पाटी. पाट्या काढायचा हुकूम कुणी दिला नाही, म्हणून त्या राहिल्या, आणि आपली पोरं आठवीत न बसता बिजलीत बसली, बिजलीतून पास होऊन तुफानात गेली.

माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत असेलच. (मी विसरायचा प्रयत्न केला, पण घरात तुम्ही होतात.) बाकावरून उठताना आवाज झाला तर आमच्या सिस्टर नुसत्या बघायच्या, तेवढ्यानं घाम फुटायचा. त्या वळणाची मी. तुफानात शिरून हळूच गुड मॉर्निंग म्हटलं, आणि अख्खा वर्ग टाचा आपटून उभा राहिला. मी दचकून मागे रेलले ती खालच्या दारावर. ते बाहेर उघडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खडूच्या डबीसकट अंगणात. शेजारच्या बिजलीत तुमचं गणित चालू होतं. फळ्यावरची नजर न काढता तुम्ही पोरांना म्हणालात, “समोर बघा. नव्या बाई परत येतील.”

परत आले, आणि येतच राहिले. पुढे तुम्ही मला ड्रिलच्या मास्तरांसाठी, म्हणजे तुमच्या भावासाठी, पसंत केलंत. पण ते इतिहासात बसत नाही.

बसायला हवं ते मात्र साहेबांना पटत नाही. तुम्ही मुख्यालयाला कळवलं होतंत, की बिजलीची नजर अधू झालेली दिसते, फळा बघताना मान वाकडी करते. आणि तुफान दुपारी पेंगतो. मुख्यालयाला घोडे विकल्याचं कुठे माहीत? त्यांनी तातडीनं जनावरांचा डॉक्टर धाडला, मागून चाऱ्याचा ट्रक. आलेला माल परत करायचा तर तो मागवलाच का, याचा जाब द्यावा लागतो. म्हणून जुन्या कमांडंटांनी चारा उतरवून घेतला, आणि आपली पोरं उंच उडी मारून त्यावर पडायला शिकली. डॉक्टरलाही तपासल्याशिवाय परतायची सोय नव्हती. त्या भल्या माणसानं बिजलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यात बॅटरी मारली. मागच्या बाकावरच्या पोरांना चष्मे लागले ते त्याच्यामुळे. जाताना तुम्हाला म्हणाला, “बाई, जनावरं गुणी आहेत.”

साहेब म्हणतात, हे छापलं तर लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत की, आपण इतकी वर्षं हसत होतो म्हणून तर टिकलो. तुमची तब्येत जपा. गोळ्या चुकवू नका.

तुमची,
दारातून पडलेली भावजय

ता.क. साहेब तसे वाईट नाहीत. त्या वेळचं कुणी समोर येऊन सांगितलं, तर तबेला, घोडे, डॉक्टर, सगळं इतिहासात घेऊ आणि पाट्याही राहू देऊ, म्हणाले. नाहीतर महोत्सवानंतर पाट्या काढून वर्गांना नंबर. मी तुमचं नाव सांगून मोकळी झाले. पत्रिका छापायला गेली.

आणखी ता.क. तुमचे भाऊ म्हणतात, ताईला गाडी घेऊन आणायला मी स्वतः जातोय. आणि ज्यांना तुम्ही ताठ उभं केलंत, त्यांतल्या निम्म्यांनी पाठ टेकायच्या खुर्च्या मागितल्यात.

शेवटचं ता.क. काठीचं मी बघून ठेवलंय. कार्यक्रम बाहेर अंगणातच आहे. तुम्हाला आधी मागच्या बाजूनं बिजलीत नेऊन उंच स्टुलावर बसवू आणि खालचं दार लावून घेऊ. कडी मी स्वतः तपासलीय. वरून दिसाल तेवढ्या तुम्ही अजून ताठच आहात.