लंगोटाचं खातं माझ्याकडं

३ मार्च, सोमवार

गेली एकदाची! काल संध्याकाळी अक्षदाला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. पाच आठवड्यांचं प्रशिक्षण, मग वीज कंपनीत तंत्रज्ञ. आमच्या घराण्यात बल्ब बदलायलासुद्धा बाईला कुणी स्टुलावर चढू दिलं नसेल — आणि माझी बायको थेट खांबावर चढणार. बस हलली तरी मी हसतच होतो. ती मात्र खिडकीतून फक्त संस्कृतीकडं बघत होती. नऊ महिन्यांची पोरगी, तिला काय कळतंय. टाटा करत बसली.

जाताना अक्षदा एकच बोलली. "पोरीला काही झालं ना, तर मी तिथं एक दिवस ऱ्हाणार नाय. नोकरी गेली खड्ड्यात."

काही होत नाही म्हटलं. वाळूजच्या कारखान्यात लेथ मशीनवर मी केसाएवढा फरक ओळखतो, तिथं एक लेकरू काय अवघड आहे? साठलेली सगळी रजा टाकलीय. वैजापूरहून आई आलीय. स्वयंपाक तिचा. दूध, पेज, आंघोळ आणि लंगोटाचं खातं माझ्याकडं.

५ मार्च

संघपालचा फोन. माझ्या शेजारच्या मशीनवर असतो तो. "काय गोकुळबाई, झालं का धुणं?" गोकुळचं बाई करून टाकलं मला. झालं म्हटलं, दोरीवर वाळतंय, बघायला ये. स्वतःच्या पोराला ह्यानं ओलं असताना कधी उचललं नाही, हे सगळ्या वर्कशॉपला माहीत आहे. तेही ऐकवलं.

आई म्हणाली, "तुझ्या बापानं तुला वल्ला असताना कधी हातात धरलं नाय." कौतुकानं म्हणाली की बापावरच्या रागानं, कळलं नाही. मी कौतुक म्हणून घेतलं.

६ मार्च

शी यायच्या आधी मला कळतं! तोंड एकदम गंभीर करते, ग्रामसभेला बसलेल्या सरपंचासारखं. आईलासुद्धा ओळखता येत नाही, मला येतं.

८ मार्च

नळ आला नाही. आज येणार, उद्या येणार — सगळी गल्ली पाइप लावून बसलीय. ड्रमाच्या तळाला आहे ते प्यायला आणि स्वयंपाकाला. लंगोटांची बादली तशीच झाकून ठेवली आणि मेडिकलमधून डायपर आणले. पाकिटावर लिहिलंय, बारा तास कोरडं. म्हणजे बारा तास! मशीनवर जेवढं लिहिलेलं असतं तेवढं ती चालते, मध्ये कशाला हात लावायचा? सकाळी घातला तो दिवेलागणीला काढला. टम्म फुगला होता, पण गळाला नाही. पाणीही वाचलं.

"दिसभर मुतात बसवलं व्हय रं लेकराला?" — आई. म्हटलं, तुमच्या काळात हे नव्हतं.

१० मार्च

ढुंगण लाल झालंय. ओल्या फडक्याचा हात लागला तरी पाय झाडते. आई म्हणते, "खोबरेल लाव आन् मोकळी सोड." नळ अजून नाही, घरभर मोकळी सोडली तर पुसायला पाणी कुठून आणू?

माझ्याकडं त्याहून भारी इलाज आहे. मशीनचं तेलपाणी आणि घाम, उन्हाळा लागला की आमच्या सगळ्यांच्या जांघा सोलवटतात. संघपालनं सांगितलेली गजकर्णाची ट्यूब प्रत्येकाच्या बॅगेत असते. लावली की खाज गायब! मोठ्या माणसाच्या राठ कातडीवर चालते, तर हिची तर सायीसारखी. ट्यूब लावली, वर सुगंधी पावडर, वर डायपर. घट्ट.

संध्याकाळी अक्षदाच्या व्हिडिओ कॉलला फोन पोरीच्या तोंडाजवळच धरला. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

१३ मार्च, होळी

लाली गेली! पार गेली. आईला बोलावून दाखवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? ती पुरण वाटत बसली. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

अक्षदाला आज कमरेचा पट्टा बांधून तारेवरचं काम शिकवलं. फोटो आलाय — हेल्मेट, बूट, हातात पकड. फौजदारीण दिसते नुसती.

१८ मार्च

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

परवापासून परत सुरू झालं आणि ह्या वेळी नुसती लाली नाही. जांघेच्या घड्यांत शिरलंय, कडेनं बारीक लाल ठिपके पसरत चाललेत, दोन ठिकाणी कातडी सोलवटलीय. मी ट्यूब जास्त लावली. ते आणखी वाढलं. मग आणखी लावली! शू झाली की किंचाळते.

अक्षदा फोनवर म्हणाली, "पाय दाखवा की तिचे. तिच्या पायाचा मुका घ्यावा वाटतोय." मी नेटवर्कचं नाव सांगून फोन कापला. आई समोरच बसली होती.

"तिला सांग, गोकुळ. तिचं लेकरू हाय. तुझ्या कंपनीतलं लोखंड नव्हं ते, बिघडलं तर दुसरं घ्यायला."

सांगितलं तर अक्षदा उद्याच्या गाडीनं येणार. मग परत तिला कोण घेणार कामावर? एवढी भरतीची धावपळ, एवढा अभ्यास, पोटात पोर असताना दिलेली परीक्षा — सगळं माझ्या एका ट्यूबपायी.

१९ मार्च

रोजे चालू आहेत, लेकरांच्या डॉक्टरीणबाई डॉ. नाहीद दुपारनंतर दवाखान्यात थांबत नाहीत. म्हणून सकाळीच संस्कृतीला घेऊन गेलो. त्यांनी डायपर उघडला, नीट बघितलं आणि हात पुढं केला. "काय लावलं, दाखवा."

ट्यूब दिली. चष्मा वर करून वाचली.

"ये किसने दिया?"

"मीच लावली."

"काम काय करता?"

"लेथ ऑपरेटर. वाळूजला."

"तो लेथ चलाओ ना भाऊ. डॉक्टरी कायकू करते?"

बाहेर बसलेल्या बाया हसल्या. हसू देत.

मग त्यांनी नीट समजावलं. सुरुवात झाली होती ती तासन् तास ओल्यात राहिल्यानं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्यानं वरची लाली दबते म्हणून बरं झाल्यासारखं वाटतं, पण आत बुरशी फोफावते. शिवाय लहान बाळाची कातडी ते औषध अंगात ओढून घेते, वर डायपर घट्ट असला तर जास्तच. ट्यूब बंद. पावडर बंद, ती नाकातोंडात जाते आणि घड्यांत लगदा होतो. बुरशीचं वेगळं मलम दिलंय, पातळ लावायचं. त्यावर झिंकचं मलम, जाड, भिंतीला गिलावा देतात तसं. दर दोन-तीन तासांनी डायपर बघायचा, शी झाली की त्याच क्षणाला बदलायचा. साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही, टिपायचं. आणि दिवसातून चार-पाच वेळा मोकळं सोडायचं. ताप आला, फोड आले, पू दिसला, तर लगेच घेऊन यायचं.

मोकळं सोडायचं! घरी आलो तर आई दारात उभी होती, तिला सांगावंच लागलं. ती फक्त "बरं" म्हणाली. एवढ्यावर सोडलं, ही तिची मेहरबानी.

२० मार्च

सांगितलं. अक्षदाला कॅमेरा फिरवून सगळं दाखवलं, ट्यूबचंही सांगितलं.

अक्षदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् तुम्ही मला रोज तिचं तोंड दाखवत होते."

म्हटलं, यायचं तर ये, तुझा हक्क आहे. पण मी बिघडवलंय, मीच निस्तरतो. ह्यापुढं काही लपवणार नाही.

"उद्या खांबाची परीक्षा हाय. माझं लक्ष लागंल का तिथं?" रडत होती. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "सकाळी सातला दाखवा. वाढलेलं असलं तर मी दुपारच्या गाडीत बसते."

२१ मार्च

शेजारच्या सांडूभाऊंच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी होतं. दोन बादल्या मागून आणल्या. मी आजवर कुणाकडं काही मागितलं नव्हतं. मागितलं.

सातला फोन केला. वाढलं नव्हतं. सोललेल्या जागेतून पाणी यायचं थांबलं होतं. अक्षदानं स्क्रीन डोळ्याजवळ नेऊन बघितलं, तिचं नुसतं कपाळ दिसत होतं मला.

"चढते मग," म्हणाली.

दुपारी तिच्या मैत्रिणीनं व्हिडिओ पाठवला. कुठं थांबली नाही, घसरली नाही. सरळ वर गेली, पट्टा अडकवला आणि हात सोडून काम केलं! पोरीची ती सोललेली कातडी डोळ्यासमोर असताना! मी तो व्हिडिओ गल्लीत प्रत्येकाला दाखवला. किराणावाल्याला दोनदा. अशी बायको आहे माझी.

२३ मार्च

नळ आला! पहाटेपासून धुणं. ह्या वेळी दोन-दोनदा खळबळून काढले लंगोट. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, साबण राहिला तरी कातडी पेटते. आधी मी पाणी वाचवायला एकदाच काढत होतो. आता ऊन कडक आहे, दोरी गच्च भरलीय. रस्त्यानं जाणारे बघतात. बघू देत.

२४ मार्च

मोकळी सोडली होती. माझ्या शर्टावर शू केली आणि वर माझ्याकडंच बघून हसली. किंचाळली नाही, हसली! शर्ट तसाच ठेवला बराच वेळ.

२७ मार्च

ठिपके गेले. घड्यांत नवी गुलाबी कातडी आलीय. डॉ. नाहीद म्हणाल्या, मलम आणखी थोडे दिवस चालू ठेवा, बरं दिसलं म्हणून सोडू नका. मग म्हणाल्या, "अच्छा संभाला, भाऊ." लेथवर मला बक्षीस मिळालं होतं एकदा, घड्याळ. त्यापेक्षा हे जास्त वाटलं.

संघपालच्या बहिणीच्या बाळाला पण रॅश आलीय. त्यानं मला फोन केला — मला! आता गोकुळबाई म्हणाला नाही. म्हटलं, आधी ती ट्यूब फेक. मग पावडर फेक. पाकिटावरचे तास वाचू नको, लेकराचं तोंड वाच. पंधरा मिनिटं ऐकवलं. पठ्ठ्या मुकाट ऐकत होता.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. अक्षदाचे वडील येऊन गेले. त्यांनी हात पुढं केले तर संस्कृती माझ्या गळ्याला मिठी मारून बसली. सगळ्यांनी घेऊन बघितलं. छे! मी मोरीत गेलो तरी रांगत मागं येते. आज "बाब्बा" म्हणाली, स्पष्ट. आई म्हणाली, "पोरगं जलमाला घालायचं सोडून सारं केलंस बाबा बाईवानी." ह्या वेळी नक्की कौतुक होतं, मी तोंड बघून घेतलं तिचं.

५ एप्रिल, शनिवार

अक्षदा आली. पास! पंधरा तारखेला कामावर हजर व्हायचंय. हाताला घट्टे पडलेत, चेहरा रापलाय. रिक्षातून उतरली ती बॅग रस्त्यावर टाकून धावली.

संस्कृतीनं तिच्याकडं बघितलं आणि माझ्या खांद्यात तोंड लपवलं.

"ओळखलं नाय व्हय गं माय मला?" अक्षदा हसत म्हणाली. परत हात पुढं केले. पोरगी रडायला लागली. अक्षदा तोंड धुवून येते म्हणाली आणि मोरीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

७ एप्रिल

आज अक्षदानं लंगोट बदलायला घेतला. कोमट पाणी, मऊ फडकं, टिपून कोरडं, मलम — सगळं बरोबर, माझ्यापेक्षा हलक्या हातानं. पोरगी धनुष्यासारखी ताठ होऊन रडत होती आणि हात माझ्याकडं. मी घेतली. त्याच क्षणी गप्प.

कालपरवापर्यंत हे मी गल्लीभर सांगितलं असतं. अक्षदा लंगोट मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

"तुम्हीच करा," म्हणाली. "मी पंधरा तारखेला हजर होत नाय. पाच आठवड्यांत लेकरू इसरलं, नोकरी धरल्यावर काय ऱ्हाईल माझं?"

पोरगी माझ्या कॉलरचं बटण चोखत होती. तिला खाली ठेवायला हवं होतं. ठेवली नाही.

८ एप्रिल

मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसून लिहितोय. रजा अजून रविवारपर्यंत आहे. अक्षदाला सांगितलं, कंपनीनं तातडीनं बोलावलंय, आणि आईलाही गावाकडच्या गाडीत बसवून दिलं. घरात दोघीच आहेत, मध्ये मी नको. निघालो तेव्हा संस्कृती दारात हात पसरून रडत होती. वळलो नाही. आता अडीच वाजलेत, फोन आलेला नाही. उद्याही इथंच येऊन बसेन.