माऊसच्या पेटीची वाटणी

मी, रेवणप्पा सिद्रामप्पा तोडकरी, वय ६७, धंदा संगणकाची शिकवणी, राहणार धाराशिव, लिहून ठेवतो की माझं डोकं शाबूत आहे, फक्त यकृत गेलेलं आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाच्या दडपणाखाली मी हे करत नाही. माझ्यावर दडपण आणायची कुणाची छातीच झाली नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर पत्नी महानंदा हिला. चाळीस वर्षं तिनं माझी बडबड ऐकली. त्यामानानं घर लहान आहे.

२. शिकवणीतली लोखंडी पेटी, आतल्या त्रेचाळीस माऊससह, नंदीश मल्लेश वाले यास. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपला माऊस या पेटीत टाकायचा, असा माझा नियम होता. हुकूम टंकायचा काळा पडदा, विंडोजऐवजी लिनक्स आणि कीबोर्डवर दहा बोटं ज्याला येतात तो प्रोग्रामर, बाकी सगळे कारकून, असं मी वीस वर्षं शिकवलं. विंडोजवाल्याला मागच्या बाकावर बसवायचो आणि त्याला नावानं हाकही मारत नसे. नंदीश माझा लाडका. खडखडणारा महागडा कीबोर्ड, दर महिन्याला नवं लिनक्स, दर आठवड्याला पडद्याचे नवे रंग. एवढं सगळं बसवून झाल्यावर तो त्यावर काय काम करतो, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याला हुशार मीच म्हणालो, तेव्हा निम्मा दोष माझा.

३. सन २०१९ च्या उन्हाळ्यात एका ठेकेदारासाठी मी पाण्याच्या टँकरच्या खेपा लावणारा प्रोग्राम लिहिला. गावांची यादी शिवरंजनी कल्याणप्पा हत्तरगे या माझ्या विद्यार्थिनीनं केली होती, जुन्या लॅपटॉपवर, विंडोजवर, एक्सेलमध्ये. यादीत शिंदेवस्ती दोनदा होती. दोनदा आलेलं नाव एकदाच ठेवणारी एक ओळ मी ठोकली. एवढं काम एका ओळीत झालं म्हणून नंदीशनं वाहवा केली. शिवरंजनी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, वस्त्या दोन हायत. एक ईटजवळ, एक वाशीजवळ. ईटच्या वस्तीवर माझी मावशी ऱ्हाते."

मी म्हणालो, "माऊसवाल्यांनी मधे बोलू नये." वर्ग हसला. मलाही बरं वाटलं.

त्या ओळीनं ईट गावाजवळची वस्ती यादीतून उडाली. टँकर चार दिवस गेला नाही. चौथ्या दिवशी विहिरीत उतरताना कडूबाई पडली, खुबा मोडला. शिवरंजनीची मावशी ती हीच. ती आजही भिंत धरून चालते. ठेकेदारानं चूक कुणाची म्हणून विचारलं. मी म्हणालो, पोरीनं विंडोजवरून यादी आणली, तिनंच घोळ घातला. नंदीशला खरं माहीत होतं. तो पडद्याचे रंग बघत बसला. शिवरंजनीचं ठेकेदाराकडचं काम त्याच दिवशी गेलं. सख्ख्या मावशीला हिनंच पाडलं असं भावकीत झालं आणि ठरलेलं लग्न मोडलं.

तिची यादी बरोबर होती. प्रोग्राम चुकीचा होता आणि तो माझा होता. हे मला कालपरवा कळलेलं नाही, त्याच दिवशी कळलं होतं.

४. बँकेतली माझी सगळी ठेव शिंदेवस्ती येथील कडूबाई हिला.

५. मी गेल्यावर होणाऱ्या शिवगणाराधनेच्या विधीला जेवणाआधी नंदीशनं कलम तीन सर्वांसमोर मोठ्यानं वाचावं. तो पाठ दाखवील, मी त्याला ओळखतो. तसं झालं तर माऊसची पेटी त्याच्या पुण्याच्या ऑफिसात पोचती करावी आणि आत कलम तीनच्या पंचवीस प्रती घालाव्यात.

६. शिकवणीची जागा आणि सगळी यंत्रं शिवरंजनीला. याला कुणी उपकार म्हणू नये.

हा मजकूर मी वाशीत, शिवरंजनीच्या फॉर्म भरायच्या दुकानात बसून सांगतो आहे आणि ती टंकते आहे, विंडोजवर, माऊस धरून. खरं तर मी माफी मागायला आलो होतो. ते तोंडातून निघेना, म्हणून मृत्युपत्र करायचंय असं सांगितलं. कलम तीन टंकताना तिचा हात एकदाही थांबला नाही. मला वाटलं होतं थांबेल. कलम सहा ऐकून म्हणाली, "जागा नको, सर. माझं दुकान चालतंय."

मी म्हणालो, आता राहू दे, मी गेल्यावर नाकार.

तिनं मजकूर वर सरकवला आणि कलम चारवर बोट ठेवलं.

"सर, शिंदेवस्ती कुठली ते लिहा. दोन हायत."

ती जागच्या जागी दुरुस्त करणार होती. मी म्हणालो, माझी चूक आहे तशी दिसू दे, दुरुस्ती खाली लिही.

दुरुस्ती : कलम ४ मधील शिंदेवस्ती ही ईटजवळची समजावी.

स्थळ : वाशी, जि. धाराशिव
दिनांक : १२ मार्च २०२६

सही : रेवणप्पा सिद्रामप्पा तोडकरी

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी वाचून सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही :
१. बंडप्पा इराप्पा कोरे, शेजारचे कापड दुकानदार
२. अमरसिंह बलभीम गपाट, शेतकरी, विम्याचा फॉर्म भरायला आलेले