सावडीचे हात

४ मे
धाकट्या जावेकडे, मंदाकडे, सावडीला गेले. परवा तिने माझे टोमॅटो बांधून दिले, आज मी तिचे. पानांच्या बेचक्यातली बगलफूट खुडायची, सुतळीने बांधायचं. बोटं हिरवी-काळी. मं. म्हणाली, "अक्का, इंग्लिश शाळेत ह्ये बी शिकवलं व्हतं का?" खूप हसलो.
जाण्याआधी माझ्या शेतातली थोडी फूट खुडली होती. दोन-चार झाडांची पानं चितकबरी, आखडलेली. खत कमी पडलं असेल.

१९ मे
माझी चितकबरी झाडं वाढली. कृषी सहायकांनी पान उजेडात धरलं. व्हायरस. औषध नाही, उपटून जाळा. बियातून येतो, मग हात, कात्री, सुतळी, यातून पसरतो. बी घरचंच धरलेलं, माझंच.
शाळेतल्या सिस्टर आठवल्या, गुलाबी खडूने फळ्यावर तो काढणाऱ्या. प्रथिनाचे दाणे गोल जिन्यासारखे रचलेले, आत एकच धागा. त्या धाग्यात निरोप एवढाच, आपल्यासारखे आणखी कसे करायचे. बाहेर असताना खात नाही, वाढत नाही. वाळक्या पाल्यातही नुसता पडून राहतो. झाडाच्या पेशीत शिरायला त्याला जखम लागते. आत गेला की कवच उतरवतो, आणि पेशी बिचारी स्वतःचं काम सोडून त्याच्याच प्रती काढत बसते. मग शेजारची पेशी, मग तिची शेजारीण. या धड्याला मला पैकीच्या पैकी मार्क होते.
खुडणं म्हणजे जखमच की. आणि त्या जखमेवर माझं बोट.

२२ मे
मं.च्या बांधावरूनच दिसलं. मी बांधलेल्या ओळी पिवळ्या पडल्यात, तिने बांधलेल्या अजून हिरव्या. माझ्या मागोमाग चालत गेलाय तो.
तिच्या लक्षात आलं नाही. "रोपंच खराब दिली त्या नर्सरीवाल्यानं. बगतेच त्याला. तुमी तर किती जीव लावून बांधलं व्हतं."
मी मान हलवली. का हलवली?

२३ मे
मं. पिंपळवंडीला जाऊन नर्सरीवाल्याशी चारचौघांत भांडून आली. तो म्हणाला म्हणे, "वहिनी, त्याच ट्रेमधली रोपं दुसऱ्यांनी बी नेली. त्यांना काय झालं न्हाई."
"लई गोड बोलतंय," मं. म्हणाली. "गावात सांगणारे मी, त्याच्याकडनं घेऊ नका म्हणून."
सांगायला तोंड उघडलं. विचारलं काय, तर ताक आहे का.

२५ मे
सकाळी मं. दारात, डोक्याला फडकं बांधून. "चला अक्का, आज कांताबाईच्या टोमॅटोची सावड."
म्हणजे आता मं.चे हात.
"जाऊ नको, मंदे."
"का?"
सांगितलं. बी, बोटं, ओळी, तो बिचारा नर्सरीवाला. थांबले असते तर परत बोलता आलं नसतं.
 ती नळावर गेली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. कांताबाईला फोन केला. "आज येत न्हाई. तुमी बी कुणाला झाडाला शिवू देऊ नका." कारण सांगितलं नाही.
नर्सरीवाल्याकडे उद्या मी जाणार, म्हटलं. ती येते का, ते विचारलं नाही.
मग तिनेच चहा टाकला. माझा कप हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला.