राखून ठेवलेला गुडघा

बिरकत अल अवामेर, कतार
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. अंबिकाताईस,
बालाजीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको. फोनवर बोलावं तर खोलीतले पाच जण कान देऊन असतात, आणि व्हिडिओ लावला की माय म्हणते, चालून दाखव. ते आता दाखवता येत नाही. रत्नागिरीचा हाफिजभाई सुट्टीवर निघालाय. तो मुंबईत पोस्टात टाकील.

ताई, उजवा गुडघा बिघडला. चार वर्षं त्याच्यावर बसून फरश्या बसवल्या. खालचा सिमेंटचा माल सुटला की फरशी टिचकीला पोकळ वाजते, तसं झालंय. डॉक्टर केरळचा, हिंदीत बोलला. हाडांवरची गादी असते, कूर्चा म्हणतात, तिला एका जागी खड्डा पडलाय म्हणे. आपोआप भरत नाही. मूळपेशी काढून त्या खड्ड्यात बसवतात, जमलं तर नवी गादी धरते. पुण्यात होतं. खात्री कुणी देत नाही. वर सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. मी शाळेच्या बाकावर सहा दिवस टिकलो नाही, तुला ठाऊकच.

उशीर केला तर खड्डा पसरेल आणि मग हा इलाजही लागू पडणार नाही, असं बजावलं त्यानं. घरी बघायला कोण आहे, हेही विचारलं. मी उगीच म्हणालो, लई जण आहेत.

शुक्रवारी सगळे बाजारात जातात. मी जिना नको म्हणून वरच राहतो, एसीचा आवाज ऐकत. गोळ्या खाऊन इथंच रेटावं म्हणतो. मायला सांगू नको.

राग आला तरी माया कमी करू नको.
तुझा बालाजी


दि. २ डिसेंबर २०२५

चि. बालाजीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दारात वाचलं, तिथंच चुकलं. मायनं माझं तोंड बघितलं आणि अक्षर न् अक्षर वाचून घेतलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, पेशी काढायच्या तर माझ्या काढा.

तेव्हापासून बाई प्लास्टिकच्या खुर्चीतून उतरत नाही. चुलीपुढं बसत नाही, भाकरी माझ्या गळ्यात. तानूबाईच्या सुनेच्या डोहाळजेवणाला सगळ्यांनी फुगडीला ओढलं, तर म्हणाली, गुडघा बालाजीला द्यायचाय, राखून ठेवलाय. रोज तेल लावते, तेही उजव्यालाच. डावा लागणार असेल तर आत्ताच कळव म्हणते.

मी समजावून थकले. तूच डॉक्टरला विचार, मायच्या चालतात का. आणि लई जण आहेत म्हणालास ना? आम्ही दोघी आहोत. तेवढ्यात भागव.

जीवाला जप, आमच्यावर जीव असू दे.
तुझी ताई


बिरकत अल अवामेर
दि. २६ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रत्नागिरीला धाडलेलं पत्र हाफिजभाईनं परत येताना आणून दिलं. डॉक्टरला विचारलं. आधी हसला, मग चष्मा पुसत बसला. म्हणाला, या इलाजात पेशी ज्याच्या त्याच्याच घेतात, माझ्याच कमरेच्या हाडातून. आईच्या नकोत. ऐकून बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. म्हणजे इथं जसं आहे तसंच की. आपलं आपण.

परत आलो तर खोली रिकामी. तुझं पत्र पुन्हा काढलं. तेल उजव्यालाच लावते, तिथं आलो आणि पुढं वाचवेना. पेशी माझ्या असतील, पण सहा आठवडे बसायला जागा इथं कुठंय?

फोरमनला सांगितलं, गुडघ्यावर बसायचं काम आता होणार नाही. तो म्हणाला, खलास. त्याचं एका शब्दात झालं. एकवीस जानेवारीचं तिकीट आहे. गुडघा भरेल का नाही, ते बघू.

पेशी कुणाच्या, हे मायला एवढ्यात सांगू नको. वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत बसलीय, बसू दे. तिच्याशेजारी अजून एक मांड.

येतोय. तोवर तिची भाकरी तूच कर.
तुझा बालाजी